हजेरी न चुकविणारा खेळाडू : लू गेरिग

विद्यार्थी मित्रहो, शाळेत रोज तुमची हजेरी घेतली जाते. सुमारे चौदा वर्षे एकही सामना न चुकविणाऱ्या एका खेळाडूची हकीकत आज ऐका. हा खेळाडू म्हणजे अमेरिकेचा लू गेरिग. त्याचा खेळ बेसबॉल. आपल्याकडे क्रिकेटचे जेवढे वेड, तेवढेच तिकडे या खेळाचे.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्क शहरात एका गरीब जर्मन कुटुंबात झाला. चार भावंडांपैकी तो एकटाच जगला. वडिलांना नेहमी काम मिळत नसे. आई लोकांची धुणी धुऊन, स्वयंपाक करून घर चालवी. मुलाने शिकून इंजिनिअर व्हावे, ही तिची मनीषा होती. लू कोलंबिया विद्यापीठात दाखलही झाला. परंतु घरात आजारपण आले, पैशाची ओढाताण झाली. १९२३ साली न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाने १५०० डॉलर्स देऊ केले, तेव्हा त्याने शिक्षण अर्धवट सोडले. पालकहो, त्या माउलीच्या मनाची कल्पना तुम्हाला सहज येईल.

१ जून १९२५ पासून लू सलग २१३० सामने खेळला. पाठ दुखो की बोटाचे हाड मोडो, तो मैदानावर हजर! ३ जून १९३२ रोजी तर एकाच सामन्यात त्याने चार होमरन मारले. संघात बेब रूथसारखा गाजलेला खेळाडू असल्याने बोलबाला त्याचाच अधिक होई. लूने मात्र त्याची फिकीर न करता आपले काम चोख केले.

१९३९ साली त्याच्या हातापायांतील ताकद ओसरू लागली. पहिल्या आठ सामन्यांत त्याला जेमतेम चार यशस्वी फटके मारता आले. अशा मोठ्या खेळाडूला वगळणार कोण? २ मे रोजी डेट्रॉइट येथे त्याने स्वतःच व्यवस्थापकांना आपल्याला वगळण्यास सांगितले. तो संघाचा कर्णधार होता. स्वतःचे नाव नसलेली यादी त्यानेच पंचांच्या हाती दिली.

छत्तिसाव्या वाढदिवशी डॉक्टरांनी निदान केले. स्नायू हळूहळू निकामी करणारा तो असाध्य रोग होता. अमेरिकेत तो आजही लूच्या नावाने ओळखला जातो. ४ जुलैला साठ हजारांवर लोकांसमोर त्याचा गौरव झाला. त्या भाषणात त्याने नशिबाला दोष दिला नाही. सोबत्यांचे आणि आपल्या शिक्षणासाठी कष्टलेल्या आईवडिलांचे त्याने आभार मानले. पुढे न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर त्याने शक्य तोवर काम केले. २ जून १९४१ रोजी त्याचे निधन झाले. त्याचा विक्रम १९९५ पर्यंत अबाधित होता.

मित्रहो, रोज हजर राहणे ही मोठी गोष्ट खरीच. पण आपल्यामुळे इतरांचे नुकसान होते आहे असे दिसताच आपली जागा आपणहून सोडणे, ही त्याहून मोठी. लू गेरिगच्या चरित्रातून या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.