नवशिक्यांचे प्राध्यापक : जॉन केमेनी

संगणकाला आज्ञा लिहून देणे हे गणितात पारंगत अशा मोजक्या मुलांचे काम, इतरांनी ते दुरूनच पाहावे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. मी स्वतः कला शाखेचा विद्यार्थी. घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी, महाविद्यालयाची इंग्रजी. त्यांवर आणखी ही संगणकाची चौथी भाषा आपल्या वाट्याची नव्हे, असे मीही कित्येक वर्षे धरून चाललो होतो. ही समजूत निराधार आहे हे ज्यांनी साठ वर्षांपूर्वी स्वतःच्या कृतीने दाखवून दिले, त्या प्राध्यापक जॉन केमेनी यांचे चरित्र म्हणूनच तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरी देशाच्या बुडापेस्ट या राजधानीत एका ज्यू कुटुंबात झाला. हंगेरीने थोर गणितज्ञांची एक मालिकाच जगाला दिली. परंतु त्याच देशात १९२० साली विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घालण्यात आली होती, आणि १९३८ पासून ज्यूंवरील निर्बंध अधिकच कडक होऊ लागले. बुद्धी असूनही केवळ जन्मामुळे विद्येचे दार बंद व्हावे, असा तो काळ होता. केमेनींच्या वडिलांनी पुढचे अरिष्ट ओळखले. १९३८ साली ते एकटेच अमेरिकेस गेले आणि १९४० च्या जानेवारीत त्यांनी कुटुंबास तिकडे नेले. आजोबांनी मात्र मायभूमी सोडण्यास नकार दिला. पुढे नाझींनी चालविलेल्या ज्यूंच्या संहारात ते बळी पडले. त्यांच्याबरोबर घरातील आणखी दोन वडीलधारी माणसेही गेली.

न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा केमेनी तेरा वर्षांचे होते. देश नवा, शाळा नवी आणि शिक्षणाची भाषाही परकी. तरीही अवघ्या तीन वर्षांत ते तेथील जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १९४३ साली प्रिन्स्टन विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान शिकू लागले. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. लवकरच त्यांना सैन्यात बोलावणे आले आणि १९४५ साली लॉस अलामोस येथे त्यांची नेमणूक झाली. अणुबाँब तयार करण्याचे अत्यंत गुप्त काम तेथे चालू होते. केमेनींच्या वाट्याला आकडेमोडीचा विभाग आला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड फाइनमन हे त्यांचे वरिष्ठ होते. भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारी हिशेबाची यंत्रे रात्रंदिवस पाळ्यांनी चालवावी लागत आणि एकेका प्रश्नाचे उत्तर हाती यावयास दोनतीन आठवडे लागत. आधुनिक संगणकाची कल्पना ज्यांनी स्पष्टपणे मांडली, त्या जॉन फॉन नॉयमन यांचा सहवास त्यांना येथेच लाभला. या सर्व मंडळींनी मिळून वर्षभरात केलेली गणिते पुढे आपल्या महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी एका दुपारी करू शके, हे केमेनी उतारवयात मोठ्या कौतुकाने सांगत.

युद्ध संपल्यावर ते प्रिन्स्टनला परतले आणि तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. याच काळात आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणून काम करण्याचे भाग्य त्यांना लाभले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. एवढ्या भांडवलावर कोणाही तरुणाने उर्वरित आयुष्य केवळ संशोधनास वाहिले असते. केमेनींनी मात्र अध्यापनाचा मार्ग धरला. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी असलेल्या डार्टमथ महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि दोनच वर्षांत तेथील गणित विभागाचे प्रमुख झाले.

डार्टमथचे सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थी विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे न जाता इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र असे विषय घेत. गणिताचे बहुतेक प्राध्यापक अशा विद्यार्थ्यांकडे दुर्लक्षच करतात; केमेनींचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे गेले. समाजशास्त्रांच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल असे गणित कोणते, याचा विचार करून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५७ साली एक नवे पाठ्यपुस्तक लिहिले. उद्या सरकारात, न्यायालयात आणि व्यापारात निर्णय घेणारी माणसे याच वर्गांतून बाहेर पडणार. संगणक म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक नसेल, तर त्या यंत्राचा योग्य उपयोग कसा होणार? हा प्रश्न त्यांना बेचैन करू लागला.

त्या काळी संगणक शिकणे किती दुर्घट होते, याची आज कल्पनाही येणार नाही. डार्टमथला स्वतःचा संगणक नव्हता. केमेनींचे सहकारी प्राध्यापक थॉमस कर्ट्झ हे दर पंधरा दिवसांनी कार्डांची पोलादी पेटी घेऊन पहाटेच्या आगगाडीने बॉस्टनकडे निघत आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संगणकावर ती कार्डे चालवून संध्याकाळी परत येत. एखाद्या आज्ञेत स्वल्पविराम जरी चुकला, तरी ते काम वाया जाई आणि दुरुस्तीसाठी पुढील खेपेची वाट पाहावी लागे. जेथे संगणक होते, तेथेही विद्यार्थ्याला यंत्राजवळ जाण्याची मुभा नसे. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि तासांनी किंवा दिवसांनी उत्तर घ्यावयाचे. आपली चूक आपल्याला तत्काळ कळली, तरच मन तिच्यापासून काही शिकते. आठवड्याने कळलेल्या चुकीने शिकणाऱ्याचा केवळ हिरमोड होतो.

१९५९ साली डार्टमथमध्ये एक लहानसा संगणक आला. त्यावर पदवीच्या विद्यार्थ्यांना मोकळेपणी काम करू दिले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांनाही थक्क करणारी कामे करून दाखविली. त्या अनुभवावरून केमेनी आणि कर्ट्झ यांनी एक धाडसी संकल्प केला : आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला, तो कोणत्याही शाखेचा असो, संगणक वापरता आला पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा. दुसरी, नवशिक्याला काही तासांत आत्मसात होईल अशी आज्ञांची भाषा असावी.

पहिल्या अडचणीवर तोड अशी होती की, संगणकाने एकाचे काम क्षणभर करावे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, आणि पुन्हा पहिल्याकडे यावे. यंत्राचा वेग एवढा की, ते केवळ आपल्यासाठीच बसले आहे असे प्रत्येकाला वाटावे. महाविद्यालयात ठिकठिकाणी टेलिटाइप यंत्रे, म्हणजे तारेने संगणकाला जोडलेली टंकलेखन यंत्रे, बसवावयाची आणि विद्यार्थ्याने तेथूनच प्रश्न विचारून तेथेच उत्तर घ्यावयाचे, अशी योजना ठरली. ही व्यवस्था उभारण्याचे अवघड काम त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांवर सोपविले. नवख्या मुलांकडून हे होणार नाही, अशी शंका अनुभवी लोकांनी घेतली होती. मुलांनी ती खोटी ठरविली.

दुसरे काम केमेनींनी स्वतः अंगावर घेतले. तेव्हाच्या संगणकभाषा शास्त्रज्ञांच्या सोयीच्या होत्या. नवी भाषा रचताना केमेनी व कर्ट्झ यांनी प्रत्येक ठिकाणी नवशिक्याची अडचण आधी पाहिली. पूर्णांक आणि अपूर्णांक वेगवेगळ्या रीतीने लिहिण्याचा जाच त्यांनी काढून टाकला. प्रत्येक ओळीस क्रमांक दिला. दहा, वीस, तीस असे क्रमांक टाकले की, मध्ये राहून गेलेली ओळ पंधरा क्रमांक देऊन घालता येई. सारे पुन्हा लिहिण्याचे कारण उरत नसे. आज्ञांसाठी प्रिंट, लेट, इफ, एंड असे रोजच्या व्यवहारातील सोपे शब्द योजले. काम सुरू करताना हॅलो आणि उठताना गुडबाय, एवढे लिहिले की झाले. या भाषेस त्यांनी बेसिक असे नाव दिले. नवशिक्यांसाठी सर्वोपयोगी सांकेतिक आज्ञावली, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे.

१ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता केमेनी आणि त्यांचा एक विद्यार्थी दोन निरनिराळ्या टेलिटाइप यंत्रांपुढे बसले. दोघांनीही आपापल्या आज्ञा लिहून एकाच वेळी रन हा शब्द टंकित केला. थोड्याच अवधीत दोन्ही यंत्रांवर उत्तरे उमटली, आणि दोन्ही बरोबर होती.

त्यानंतरची अध्यापनाची पद्धतीही पाहण्यासारखी आहे. संगणकासाठी वेगळा अभ्यासक्रम न काढता गणिताच्या नेहमीच्या वर्गातच एकदोन व्याख्याने दिली जात. पुढचे सारे विद्यार्थ्याने यंत्रापाशी बसून, चुकत चुकत आणि चुका दुरुस्त करीत शिकावयाचे. थोड्याच वर्षांत डार्टमथचे बहुतेक विद्यार्थी संगणक वापरू लागले. या वापराबद्दल त्यांना काही द्यावे लागत नसे. डार्टमथच्या ग्रंथालयात कोणीही विद्यार्थी थेट कपाटापाशी जाऊन हवे ते पुस्तक काढून घेऊ शके. पुस्तक कशासाठी हवे, हे जसे कोणी विचारीत नाही, तसेच संगणकाचेही असावे, असे केमेनींचे मत होते. टेलिटाइप यंत्रे पुढे इतर महाविद्यालयांत आणि हॅनोव्हरच्या हायस्कुलातही गेली. म्हणजे तुमच्याच वयाची मुले १९६० नंतरच्या त्या दशकात संगणकाशी बोलू लागली.

या भाषेवर टीकाही झाली. बेसिकमधील गो टू या आज्ञेने कोठूनही कोठेही उडी मारता येई. त्यामुळे मोठ्या आज्ञावलीत गुंता होई आणि विद्यार्थ्यास विस्कळीत विचाराची सवय लागे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली या भाषेवर अतिशय कठोर शब्दांत प्रहार केला. हा आक्षेप निराधार नव्हता. केमेनी व कर्ट्झ यांनीही आपली भाषा वेळोवेळी सुधारली आणि १९८५ साली ट्रू बेसिक या नावाने तिचे शिस्तबद्ध रूप प्रसिद्ध केले. केमेनींच्या वृत्तीचा मोठेपणा येथे दिसतो. पहिली पायरी सोपी असावी हा आग्रह त्यांनी सोडला नाही, पण ती पायरी सदोष आहे हे मान्य करण्यात त्यांना कमीपणाही वाटला नाही.

१९७० साली केमेनी डार्टमथचे अध्यक्ष झाले. दोन शतके या महाविद्यालयात केवळ पुरुषांना प्रवेश होता. त्यांच्या कारकिर्दीत, १९७२ साली, ते स्त्रियांसाठी खुले झाले. अमेरिकेतील आदिवासींच्या शिक्षणासाठी या संस्थेची स्थापना झाली होती, पण त्या हेतूचा पुढे विसर पडला होता. केमेनींनी त्याची आठवण करून देऊन आदिवासी विद्यार्थ्यांना आग्रहाने बोलावले. एवढा कारभार शिरावर असतानाही त्यांनी वर्गात शिकविणे सोडले नाही.

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या बारा जणांच्या चौकशी मंडळाचे अध्यक्षपद केमेनींकडे आले. अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत नियंत्रणकक्षात शंभरांहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या होत्या. त्यांतील महत्त्वाची कोणती, हे तेथील माणसांना कळणे कठीण होते. यंत्रांपेक्षा मोठा दोष माणसांच्या अपुऱ्या शिक्षणात आणि सर्व व्यवस्थेच्या वृत्तीत आहे, असा निष्कर्ष मंडळाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिला. यंत्राची मांडणी करताना ते चालविणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा, हे बेसिक रचताना पाळलेले सूत्र येथे लोकांच्या जिवाचा प्रश्न होऊन पुढे उभे राहिले होते.

१९८१ साली अध्यक्षपद सोडून केमेनी पुन्हा अध्यापनाकडे वळले. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी कर्ट्झ यांना दीर्घायुष्य लाभले. ते २०२४ साली शहाण्णवाव्या वर्षी निवर्तले. दोघांनी रचलेली भाषा मात्र केव्हाच जगभर पसरली होती. भारत सरकारने १९८४-८५ साली निवडक शाळांत संगणक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा तेथे दिलेल्या बीबीसी मायक्रो या यंत्रांवरही बेसिकच होती. हॅनोव्हरमधून निघालेली वाट अशी आपल्या देशातील वर्गांपर्यंत येऊन पोहोचली.

आज शिकविल्या जाणाऱ्या संगणकभाषा निराळ्या आहेत. परंतु केमेनींच्या चरित्राचे सार जुने झालेले नाही. ज्या मुलाच्या आप्तांसाठी आपल्याच देशात जगण्याचेही दार बंद झाले, त्याने मोठेपणी विद्येची दारे उघडण्याचे काम आयुष्यभर केले. विद्यार्थ्याला समजत नसेल, तर त्याला मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी आपली भाषा आणि आपली रीत तपासून पाहावी, हा धडा आम्हा शिक्षकांसाठी आहे. तुमच्यासाठीही एक धडा आहे. आपल्या शाळेच्या संगणककक्षात तुम्ही लिहिलेली पहिली आज्ञावली बहुधा चुकेल. त्या वेळी हे आपले काम नव्हे असे म्हणून उठू नका. चूक कोणत्या ओळीत आहे ते पाहा, ती ओळ पुन्हा लिहा, आणि उत्तर येईपर्यंत जागा सोडू नका.