सर रॉबर्ट मॅकिंटॉश

सर रॉबर्ट रेनॉल्ड्स मॅकिंटॉश (१७ ऑक्टोबर १८९७ – २८ ऑगस्ट १९८९) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व इंग्लंडमध्ये कारकीर्द घडवलेले भूलतज्ज्ञ होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील भूलशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक. युरोपातील या विषयाचे हे पहिलेच अध्यासन मानले जाते. वक्र पात्याच्या स्वरयंत्रदर्शकामुळे (लॅरिंगोस्कोप) त्यांचे नाव जगभर झाले. श्वासनलिकेत नळी घालणे कठीण झाल्यास वापरली जाणारी बूजी भूलशास्त्रात आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

पूर्वायुष्य

मॅकिंटॉश यांचा जन्म न्यूझीलंडमधील टिमारू येथे झाला. बालपणाचा काही काळ अर्जेंटिनात गेल्यामुळे त्यांना स्पॅनिश उत्तम येत असे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात दाखल झाले व पुढे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाले. १९१७ साली त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांच्या कैदेत सापडले. तेथून निसटण्याचे त्यांनी अनेक प्रयत्न केले.

युद्धानंतर त्यांनी लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. शल्यचिकित्सक होण्याचा त्यांचा विचार होता. पण दंतवैद्यांच्या रुग्णांना भूल देता देता तोच त्यांचा व्यवसाय बनला.

ऑक्सफर्ड आणि स्पेन

मोटार उद्योजक लॉर्ड नफील्ड यांच्याशी मॅकिंटॉश यांचा परिचय होता. नफील्ड यांनी ऑक्सफर्डला वैद्यकीय अध्यासनांसाठी मोठी देणगी देऊ केली, तेव्हा त्यांत भूलशास्त्राचे अध्यासन असावे असा आग्रह धरला. हा विषय स्वतंत्र अध्यासनाच्या योग्यतेचा नाही असे विद्यापीठातील अनेकांना वाटत होते. अखेर नफील्ड यांचा आग्रह मान्य झाला आणि १९३७ मध्ये मॅकिंटॉश प्राध्यापक झाले. संशोधनाची पार्श्वभूमी नसलेल्या, खासगी व्यवसाय करणाऱ्या माणसाची ही निवड त्या काळात धाडसाचीच होती.

त्याच वर्षी यादवी युद्ध चालू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन त्यांनी जखमी सैनिकांना भूल दिली. लंडनमध्ये हाताशी असलेली यंत्रे तेथे नव्हती. ईथर व अगदी साधी उपकरणे यांवरच काम भागवावे लागले. पुढे त्यांच्या विभागाने तयार केलेला ऑक्सफर्ड व्हेपोरायझर दाबाखालील वायूंच्या सिलिंडरशिवाय, रुग्णाच्या स्वतःच्या श्वासावर चालत असे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलासाठी काम केले. बेशुद्ध वैमानिकाचे तोंड कोणत्या जॅकेटमुळे पाण्यावर राहते हे पाहण्यासाठी त्यांचे सहकारी एडगर पास्क यांनी स्वतःला भूल देववून घेतली आणि त्या अवस्थेत त्यांना पाण्यात सोडण्यात आले.

स्वरयंत्रदर्शक

टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे तोंड उघडे ठेवणारे साधन बसवताना स्वररज्जू अनपेक्षितपणे समोर दिसल्या, यावरून मॅकिंटॉश यांना वक्र पात्याची कल्पना सुचली. त्यांचे तंत्रज्ञ रिचर्ड सॉल्ट यांनी तसे पाते बनवले. सरळ पाते कंठच्छदाला (एपिग्लॉटिस) थेट उचलते. मॅकिंटॉश यांचे पाते जिभेचे मूळ व कंठच्छद यांमधील खोबणीत टेकते आणि कंठच्छद अप्रत्यक्षपणे वर उचलला जातो. १९४३ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

बूजी

चांगले पाते असूनही काही रुग्णांत स्वररज्जू दिसत नाहीत, केवळ कंठच्छदाची कडा दिसते. अशा वेळी अंदाजाने ढकललेली नळी अन्ननलिकेत जाऊ शकते, आणि ते लक्षात आले नाही तर रुग्ण प्राणवायूअभावी काही मिनिटांत दगावतो. १९४९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका छोट्या टिपणात मॅकिंटॉश यांनी यावर साधा उपाय मांडला. मूत्रमार्गाच्या उपचारांत वापरली जाणारी गम इलॅस्टिक बूजी आधी श्वासनलिकेत सरकवायची आणि तिच्यावरून नळी खाली न्यायची. नळीपेक्षा बारीक असल्यामुळे बूजी दृष्टीआड येत नाही.

१९७०च्या दशकात पॉल व्हेन यांच्या प्रयत्नांतून एशमन कंपनीची सुमारे ६० सेंटीमीटर लांबीची, टोकाला किंचित वळण असलेली बूजी आली. तिच्या नावात गम इलॅस्टिक राहिले. प्रत्यक्षात ती राळेचा लेप दिलेल्या विणीव पॉलिएस्टरची होती. हे वाकडे टोक कंठच्छदाखालून पुढे नेताना श्वासनलिकेच्या कूर्चावलयांवरून गेल्याचे हलके धक्के हाताला जाणवतात. पुढे फुफ्फुसातील अरुंद शाखेत बूजी अडते. अन्ननलिकेत धक्के लागत नाहीत आणि अडथळाही येत नाही. डोळ्यांना न दिसणारा मार्ग हाताला कळावा, हे या साधनाचे मर्म होय. नळी सरकवताना स्वरयंत्रदर्शक काढू नये आणि नळी अडल्यास ती घड्याळाच्या उलट दिशेने चतुर्थांश फिरवावी, असे शिकवले जाते.

अनेक दशके बूजी मुख्यतः पहिला प्रयत्न फसल्यावरच हाती घेतली जाई. ती सुरुवातीलाच वापरावी का, याची मिनीयापोलिसमधील आपत्कालीन विभागात ७५७ रुग्णांवर झालेली तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अवघड श्वासमार्गाची लक्षणे असलेल्यांत पहिल्याच प्रयत्नात यश बूजीने ९६ टक्के, तर नळीत घालायच्या ताठ तारेने (स्टायलेट) ८२ टक्के मिळाले. त्या विभागातील डॉक्टर बूजी नित्य वापरत असत, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. कारण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतील ११०२ अत्यवस्थ रुग्णांच्या चाचणीत बूजीने ८०.४ टक्के व स्टायलेटने ८३ टक्के यश आले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

उत्तरायुष्य

भुलेखाली होणाऱ्या मृत्यूंपैकी बरेचसे टाळता येण्याजोगे असतात आणि त्यांची चर्चा उघडपणे व्हावी, अशी भूमिका मॅकिंटॉश यांनी घेतली. ती अनेक समव्यावसायिकांना रुचली नाही. भूलतज्ज्ञांसाठी भौतिकशास्त्र समजावून सांगणारे पुस्तक त्यांनी विल्यम मशिन यांच्यासह लिहिले. १९५५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९६५ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.