डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : औषध आणि त्याचा उतारा

कर्करोगाचे औषध सुरू होणार म्हटले की घरच्यांना रोगाइतकीच औषधाची धास्ती वाटते. काळीज शाबूत राहील ना, असे ते विचारतात. आणि आपल्या भाषेत काळीज म्हणजे यकृतही आणि हृदयही. या प्रश्नाचे पहिले उत्तर ज्यांच्या कामातून निघाले, त्या डॉ. सुब्बारावांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या बेटावरील तेलुगू बांधवांचे ते भाषाबंधू.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. मद्रासला वैद्यकी शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी घातली. गोऱ्या प्राध्यापकाला ते रुचले नाही, आणि एम.बी.बी.एस. ऐवजी कमी दर्जाची एल.एम.एस. पदवी हाती आली. पुढे ते बोस्टनला गेले. तेथे पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हमाली केली, रोग्यांची मलपात्रे धुतली. पत्नीला मायदेशी ठेवून गेले ते परत आलेच नाहीत. त्या माउलीचे चरित्र कोणी लिहील काय?

हार्वर्डमध्ये फिस्क यांच्यासोबत त्यांनी स्नायूंना, अर्थात हृदयालाही, बळ पुरविणाऱ्या द्रव्यांचा शोध लावला. पण श्रेय व बढती बेताचीच मिळाली. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले कंपनीत गेले.

तेथे फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वावर काम चालले होते. १९४३ मध्ये ते मिशिगन राज्यात डेट्रॉईटच्या पार्क-डेव्हिस कंपनीतही यकृतापासून स्फटिकरूपात वेगळे केले गेले. (आज जेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात ते नोव्हाय गाव याच डेट्रॉईटजवळ आहे.) १९४५ मध्ये सुब्बारावांच्या चमूने ते कृत्रिम रीतीने तयार केले. नंतर त्यासारखेच दिसणारे, पण पेशीला फसवून तिची वाढ रोखणारे ॲमिनॉप्टेरिन बनविले. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. १९४८ च्या अहवालात १६ पैकी १० मुलांना काही काळ उतार पडल्याची नोंद आहे. मात्र मुलांच्या तोंडात फोड आले, कारण औषधाला रोगट पेशी आणि निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही.

त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. त्याने अस्थिमज्जा, आतडे व यकृत यांना इजा होते. म्हणून मोठ्या मात्रेनंतर सुमारे एका दिवसाने ल्युकोव्होरिन देतात. हेही फॉलिक आम्लाचेच रूप. औषधाने बंद केलेले दार ओलांडून ते थेट आत पोहोचते. वेळ चुकली तर एकतर रोगी धोक्यात, नाहीतर औषध वाया. म्हणूनच शक्तीची गोळी समजून कोणी फॉलिक आम्ल आपल्या मनाने घेऊ नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. सांधेदुखीत मेथोट्रेक्सेटच्या लहान मात्रेसोबत डॉक्टर ते देतात, यकृताचा त्रास त्याने कमी होतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

हृदयाची गोष्ट वेगळी. त्याला धोका डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचा. तेथे आयुष्यभरातील एकूण मात्रा मोजतात, हृदयाची तपासणी करतात, आणि काही रोग्यांना डेक्स्राझोक्सेन देतात.

सुब्बारावांना यांतले फारसे काही पाहता आले नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, फार्बरांचा अहवाल छापून आल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, न्यूयॉर्कमध्ये झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. १९९५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.