रात्री ऊन पाडणारा मास्तर

हर्मन ओबर्थ १८९४ चा, ट्रान्सिल्व्हानियातला. रॉकेटवरचा त्याचा पीएचडीचा प्रबंध १९२२ मध्ये नाकारला गेला. आपल्याकडे एक केटी लागली तरी माणूस आठ दिवस मेसला जात नाही! याने १९२३ मध्ये तोच विषय पुस्तक करून छापला, मग शाळेत मास्तरकी केली. अवकाशात प्रचंड आरसा लावून रात्री पृथ्वीवर ऊन पाडायचं, ही कल्पना त्याचीच. १९८९ मध्ये तो वारला. १९९३ मध्ये रशियाने २० मीटरचा आरसा उघडून सुमारे ५ किलोमीटरचा कवडसा युरोपवरून फिरवला. १९६८ मध्ये ग्लेझरने सुचवलेले सौरऊर्जा उपग्रह वीज देतील, पण न सांगताही चमकतील. ओबर्थ मला आवडतो. तरी उमरखेडच्या गच्चीवरचे तारे त्याला द्यायला मी तयार नाही.