जाईबाई चौधरी : ओझ्यातून उभी राहिलेली शाळा

खापरखेडा म्हटले की डोळ्यांसमोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाच्या खाणी येतात. परंतु कन्हान नदीच्या या परिसराची आणखी एक ओळख आहे. शेजारच्या कामठीच्या वाटेवर शंभर वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री प्रवाशांची ओझी वाहत होती. दलित मुलींच्या शिक्षणासाठी पुढे आयुष्य वेचणाऱ्या जाईबाई चौधरी त्या याच.

जाईबाईंचा जन्म 1892 साली नागपूर परिसरातील एका महार कुटुंबात झाला. 1896 च्या दुष्काळाने कुटुंबाला गाव सोडायला लावले व ते नागपुरात आले. 1901 मध्ये, वयाची दहा वर्षेही पुरी झाली नसताना, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरची गरिबी इतकी, की हमाली पत्करावी लागली.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांची शिक्षणाची ओढ हेरली आणि त्यांना शिक्षिकेची नोकरी दिली. पगार होता महिना 4 रुपये. रक्कम अल्प असली तरी तिने हमाल स्त्रीला शिक्षिका केले. हे समाधान मात्र फार काळ टिकले नाही. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली.

येथेच त्यांचे वेगळेपण दिसते. दुसऱ्याच्या शाळेत जागा मिळत नसेल तर आपली शाळा काढायची, असे त्यांनी ठरवले. 1922 मध्ये नागपुरात त्यांनी मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा सुरू केली. या शाळेत मुलींना अक्षरओळख तर मिळालीच, पण आपल्यासारखीच एक बाई फळ्यासमोर उभी राहू शकते हेही त्यांना दिसले. आत्मविश्वासाचा याहून मोठा धडा कोणता?

अपमान तरीही संपले नव्हते. डिसेंबर 1937 मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा भोजनाच्या वेळी दलित स्त्रियांना वेगळे बसवण्यात आले. जाईबाई गप्प राहिल्या नाहीत. 1 जानेवारी 1938 रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन याचा निषेध केला. पुढे जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे स्त्रियांच्या प्रगतीला समाजाच्या प्रगतीचे माप मानले. जाईबाईंसारख्या कार्यकर्त्यांनी त्या परिषदेसाठी जमीन आधीच तयार करून ठेवली होती.

आज मुलींच्या उपक्रमांसाठी पैशाच्या वाटा अधिक आहेत. कंपनी कायदा, 2013 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता ही कामे त्यात येतात. प्रश्न एवढाच, की हा पैसा कशावर खर्च व्हावा? इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, शिक्षिकेच्या पगारावर नाही. म्हणूनच शिवणवर्ग, संगणकवर्ग वा अभ्यासिका थाटात उघडतात आणि शिकवणारीचे मानधन थांबले की त्यांना कुलूप लागते.

जाईबाईंच्या आयुष्याला वळण दिले ते दरमहा मिळणाऱ्या 4 रुपयांनी. खापरखेड्यासारख्या गावात मुलींसाठी निधी देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनीही हा हिशेब ध्यानी ठेवला, तर जाईबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.