डनलॉप : चाकात हवा भरणारे गुरांचे डॉक्टर



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला थोरामोठ्यांची चरित्रे येतात. कुणी राजांचे लिहितो, कुणी संतांचे, कुणी शास्त्रज्ञांचे. या वेळी मी एका गुरांच्या डॉक्टरांचे चरित्र लिहिणार आहे. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप. हे नाव मी का निवडले ते आधी सांगतो. त्याला कारण झाले आमच्या आप्पांच्या गाडीचे टायर.

आप्पा म्हणजे माझे काका. त्यांची एक लहान चारचाकी आहे. बाजाराला तीच, बी-बियाणे आणायला तीच आणि आजीला दवाखान्यात न्यायलाही तीच. गेल्या वर्षी कांद्याचे पैसे आले तेव्हा आप्पांनी पुढचे दोन्ही टायर नवे घातले. चांगला टायर 40,000 किलोमीटर तरी जातो, असे दुकानात सांगितले होते. आप्पा निर्धास्त होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंगणात खेळत होतो. चेंडू गाडीखाली गेला. मी पालथा पडून आत सरकलो, तर काय! पुढचा डावा टायर बाहेरून अगदी नवा दिसत होता, खाचा चांगल्या खोल होत्या. पण आतली कड पार गुळगुळीत झाली होती. एके ठिकाणी तर रबर जाऊन बारीक तारा वर आल्या होत्या. उजव्या टायरचीही आतली कड झिजली होती, पण तारा दिसत नव्हत्या. टायर तर जेमतेम 14,000 किलोमीटर पळाले होते.

मी धावत जाऊन आप्पांना सांगितलं. आधी ते हसले. टायर नवे आहेत, तू खेळ जा, असं म्हणाले. मी हटलो नाही. शेवटी ते आले, स्टेअरिंग पूर्ण वळवून चाक बाहेर काढलं आणि खाली वाकून बघितलं. मग मात्र ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आजीला घेऊन घाट उतरून मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. गाडीत आम्ही पाच जण बसणार होतो.

आजीचं जाणं दोन दिवस पुढे ढकललं. आप्पांनी डाव्या चाकाला स्टेपनी लावली आणि मला शेजारी बसवून गाडी हळूहळू तालुक्याला नेली. तिथल्या मिस्त्रींना मी विचारलं, की चाकात हवा भरायची युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली? ते म्हणाले, डनलॉप नावाचा कुणी साहेब होता, एवढंच ठाऊक आहे. मला नवल वाटलं. कारण आमचे आजोबा रबरी चाकांच्या बैलगाडीला डनलॉपच म्हणतात! शाळा उघडल्यावर गुरुजींना विचारलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं आणि जे समजेल ते भित्तिपत्रकात लिही, म्हणून सांगितलं. तेच आता लिहितो.

डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंड देशात, ड्रेगहॉर्न या गावी एका शेतावर झाला. म्हणजे ते आपल्यासारखेच खेड्यातले, गुरावासरांत वाढलेले. पुढे एडिंबरो शहरात त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण घेतले. काही वर्षे आपल्याच भागात काम करून 1867 साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये गेले. आधी डाउनपॅट्रिक या गावी आणि मग बेलफास्ट या मोठ्या शहरात त्यांनी दवाखाना चालवला. त्या काळी शहरातले सगळे ओझे घोडे ओढत. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरला कामाला तोटा नव्हता. डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला. 1871 साली मार्गारेट स्टीव्हनसन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती.

मुलाचे नाव जॉनी. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. त्या वेळी सायकलींच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. बेलफास्टचे रस्ते दगड बसवलेले होते. चाक प्रत्येक दगडावर आपटे, पोराला दणके बसत आणि सायकल काही जोरात पळत नसे. मित्रांनो, पोराची असली तक्रार किती जणांच्या घरी ऐकून घेतात? डनलॉप यांनी ती मनावर घेतली. तेव्हा ते 47 वर्षांचे होते. गाड्या किंवा सायकली बनवणे हा काही त्यांचा धंदा नव्हता.

1887 सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी घराच्या आवारात एक प्रयोग केला. सुमारे 96 सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी करून चकतीच्या कडेने बसवली. वरून कापड गुंडाळून ते खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचे चाक आणि ही चकती, दोन्ही आवारात घरंगळत सोडून बघितली. सायकलचे चाक थोडे जाऊन आडवे पडले. हवेची चकती मात्र पार पलीकडच्या फाटकाच्या खांबापर्यंत गेली आणि त्यावर आपटून उलट उडाली.

यात जादू काही नाही. भरीव चाक दगडावर चढताना सगळ्या गाडीला वर उचलते आणि त्यात जोर वाया जातो. हवेचे चाक दगडाला आपल्या पोटात घेते आणि पुढे जाते. ओझे खरे तर रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि कापड ही त्या हवेची पिशवी.

7 डिसेंबर 1888 रोजी डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोधावरचा सरकारमान्य हक्क. पण लोकांचा विश्वास बसायचा होता. ही जाडजूड, फुगलेली चाके बघून लोक हसत. 18 मे 1889 रोजी बेलफास्टला क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने डनलॉप यांची चाके लावली होती. तो चार शर्यतींत उतरला आणि चारही जिंकला. हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. डब्लिनचे हार्वी ड्यू क्रॉस नावाचे गृहस्थ पुढे आले आणि त्याच वर्षी हवेचे टायर बनवण्याची कंपनी निघाली.

इथून पुढे सगळे सुखाचे झाले असते, तर चरित्र इथेच संपले असते. पण तसे झाले नाही. थोड्याच काळात कळले, की डनलॉप यांच्या आधी सुमारे 40 वर्षे हाच शोध दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने लावला होता. त्यांचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. 1845 साली, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी त्यांनी हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते आणि घोडागाड्यांना ती चाके लावूनही बघितली होती. पण तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि रबर फार महाग होते. लोक तो शोध विसरून गेले. डनलॉप यांना त्याची काहीच कल्पना नव्हती. तरी कायदा तो कायदा. त्यांचे पेटंट रद्द ठरले.

कंपनी मात्र बुडाली नाही. डनलॉप यांचे पहिले टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे म्हणजे मोठे संकट. 1890 साली वेल्श आणि बार्टलेट या दोघांनी टायर चाकावर बसवायच्या व काढायच्या निरनिराळ्या युक्त्या शोधल्या. कंपनीने त्या विकत घेतल्या आणि धंदा वाढला. 1895 साली फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार पळवून दाखवली. पोराच्या तीनचाकीसाठी केलेली युक्ती मोटारीला लागली.

डनलॉप यांनी मात्र याच सुमारास कंपनी सोडली. जगभर त्यांचे नाव झाले, पण त्या मानाने पैसा त्यांना मिळाला नाही. पुढे ते डब्लिनमध्ये राहिले. कापडाच्या एका धंद्यात त्यांचा भाग होता. 23 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी ते वारले. त्यांच्या नावाचा कारखाना आपल्या देशातही निघाला. 1936 साली बंगालमध्ये हुगळी नदीकाठी साहागंज येथे तो सुरू झाला. आमच्या आजोबांच्या तोंडी असलेला डनलॉप हा शब्द असा आपल्या खेड्यापर्यंत आला. ज्या माणसाने घोड्यांना औषधे दिली, त्याचे नाव शेवटी बैलगाडीला मिळाले!

आता आप्पांच्या टायरकडे येतो. मिस्त्रींनी झिजलेला टायर जमिनीवर ठेवला आणि मला शेजारी बसवून त्यावर हात फिरवायला लावला. ते म्हणाले, टायर कुठे झिजला ते बघितले की गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला राहिला, तर हवा कमी होती असे समजावे. मधलाच पट्टा झिजला, तर हवा जास्त. जागोजागी खड्डे-खड्डे पडले, तर चाकाचे बॅलन्सिंग बिघडले असेल किंवा शॉकॲब्सॉर्बर थकला असेल. आणि एकच कड झिजली, तर चाक सरळ उभे नाही किंवा सरळ चालत नाही.

आमच्या गाडीचे तसेच झाले होते. पावसाळ्यात गाडी एका मोठ्या खड्ड्यात आपटली होती. तेव्हापासून टायरॉडचे टोक ढिले झाले होते आणि पुढची चाके फेंगड्या माणसाच्या पावलांसारखी किंचित बाहेर तोंड करून चालत होती. गाडी सरळ जाई, पण टायर दर फेऱ्याला जरासे आडवे घासले जात. डोळ्यांना ते दिसत नाही. पण टायर एका किलोमीटरमध्ये 500 हून जास्त वेळा फिरतो. मग किती घासला असेल, त्याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके गाडी ओढतात व वळवतात. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करावेत, असे मिस्त्री म्हणाले.

टायरॉडचे टोक बदलले, अलाइनमेंट करून घेतली, दोन टायर नवे घ्यावे लागले. कांद्याचे पैसे पुन्हा गेले. आप्पा म्हणाले, की नुसता नवा टायर घातला असता, तर तोही वर्षभरात असाच गेला असता. हे ऐकून आजोबांना बैलाची आठवण झाली. ते म्हणाले, बैलाची पत्री एकाच बाजूने झिजली तर पत्रीला दोष देऊ नये, बैलाचा पाय बघावा. मला वाटते, डनलॉप डॉक्टरांना हे म्हणणे नक्की पटले असते.

पालकांनो, तुम्हांला माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीचे टायर बघा. नुसते उभ्याने बघू नका, खाली वाकून आतली कड बघा. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली आणि टायर बदलायची वेळ झाली. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. एक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर आपली सगळी माणसे बसलेली असतात.

आणि मित्रांनो, तुम्हांला काही वेगळे दिसले तर सांगायला लाजू नका. आपण लहान आहोत, म्हणून गाडीखाली आपल्यालाच जाता येते. जॉनीचे वडिलांनी ऐकले, म्हणून जगाला हवेचा टायर मिळाला. माझे आप्पांनी ऐकले, म्हणून आमची आजी तिसऱ्या दिवशी घाट उतरून दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी सुखरूप घरी आली.

चुकले असेल तर गुरुजींनी व वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपला,
इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी