स्वावलंबिनी सारा वॉकर

अमेरिकेच्या दक्षिण भागातून मिसिसिपी ही विशाल नदी वाहते. तिच्या काठची जमीन सुपीक असून कापसाला विशेष मानवणारी आहे. एकोणिसाव्या शतकात या भूमीवर कापसाचे अफाट मळे पसरलेले होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचे वंशज गुलाम म्हणून राबत असत. गुलामाला वेतन नसे, स्वतःचे घर नसे. त्याची मुलेदेखील जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरत. इ. स. १८६५ मध्ये अमेरिकेने ही अमानुष प्रथा कायद्याने नष्ट केली. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली लिहिलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, या प्रथेच्या उच्छेदासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केला आहे.

परंतु कायद्याने बेड्या तुटल्या, तरी दारिद्र्य तुटत नाही. लुइझियाना राज्यातील डेल्टा या खेड्यात ब्रीडलव्ह नावाचे एक कुटुंब होते. गुलामगिरी संपल्यावरही ते त्याच मळ्यावर कापूस वेचून पोट भरीत असे. या कुटुंबात २३ डिसेंबर १८६७ रोजी सारा या मुलीचा जन्म झाला. तिची वडील भावंडे गुलामगिरीत जन्मली होती. स्वतंत्र म्हणून जन्माला आलेले त्या घरातील पहिले मूल म्हणजे सारा.

हे स्वातंत्र्य मात्र तिला सुखाचे झाले नाही. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत तिचे आई व वडील दोघेही निवर्तले. थोरल्या बहिणीच्या आश्रयाने ती नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग गावी गेली आणि लहान वयातच लोकांच्या घरी कामे करू लागली. शाळेचे तोंड तिने जेमतेम तीन महिने पाहिले. बहिणीच्या नवऱ्याचा जाच असह्य झाल्यामुळे, स्वतःचे घर असावे या एकाच आशेने, तिने चौदाव्या वर्षी लग्न केले. १८८५ साली तिला लेलिया ही मुलगी झाली. पुढे दोनच वर्षांनी पती वारला. विसाव्या वर्षी सारा विधवा झाली; जवळ होते ते दोन वर्षांचे लेकरू आणि काम करणारे दोन हात.

मुलीला घेऊन ती सेंट लुइस या मोठ्या शहरी आली. तेथे तिचे भाऊ केशकर्तनाचा धंदा करीत. साराने लोकांचे कपडे धुण्याचे काम पत्करले. पहाटे पाणी तापवायचे, दाहक साबणाच्या पाण्यात वाकून दिवसभर कपडे घासायचे, पिळायचे, वाळवायचे आणि इस्त्री करून घरोघर पोचवायचे, असा तिचा क्रम वर्षानुवर्षे चालला. एवढे करून दिवसाकाठी दीड डॉलरहून अधिक मिळकत क्वचितच होई. त्यातूनही पैसा पैसा बाजूला टाकून तिने लेलियाला शाळेत घातले आणि पुढे नॉक्सव्हिल येथील महाविद्यालयातही पाठविले. आपल्याला जे लाभले नाही ते मुलीला लाभावे, हा तिचा ध्यास होता. तेथील प्रार्थनामंदिरातील सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रियांनी तिला मायेने आधार दिला. त्यांचा टापटिपीचा पोशाख आणि आत्मविश्वासाचे बोलणे पाहून आपणही असे का होऊ नये, हा विचार तिच्या मनात रुजू लागला.

याच काळात तिच्यावर एक नवे संकट आले. तिचे केस झडू लागले आणि डोक्यावर ठिकठिकाणी टक्कल दिसू लागले. ही व्यथा तिच्या एकटीची नव्हती. त्या काळी गरिबांच्या घरात नळाचे पाणी नसे. केस फार क्वचित धुतले जात आणि धुतलेच तर प्रखर साबणाने. त्यामुळे डोक्याच्या कातडीला कोंडा व इतर रोग जडत आणि केस मुळापासून सुटत. पुष्कळ स्त्रिया डोक्याला रुमाल बांधून ही लाज झाकीत.

सेंट लुइसमध्ये ॲनी टर्नबो या उद्योगी कृष्णवर्णीय स्त्रीने केसांसाठी औषधी मलम तयार करून त्याची विक्री चालविली होती. साराने ते वापरले आणि १९०३ च्या सुमारास ती स्वतःच ते मलम दारोदार विकू लागली. विकता विकता ती शिकत होती. गिऱ्हाईक कशाला बिचकते, कशाने त्याचा विश्वास बसतो आणि मलमाने कोणाला गुण येतो, हे सारे ती मनात टिपून ठेवी. १९०५ साली ती डेन्व्हर या डोंगराळ प्रदेशातील शहरी गेली. दिवसा स्वयंपाकिणीचे काम करावे आणि उरल्या वेळात स्वतःचे मलम सिद्ध करण्याचा प्रयत्न करावा, असा तिचा उद्योग सुरू झाला.

मलमाची कृती आपल्याला स्वप्नात कळली, असे ती पुढे सांगत असे. ते काहीही असो. त्या मलमातील द्रव्ये मात्र स्वप्नातील नव्हती, ती बाजारात मिळणारी होती. त्यातील मुख्य द्रव्य गंधक. त्वचेच्या विकारांवर गंधक उपयोगी पडते, हे आपल्या वैद्यांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे. पण नुसती गंधकाची पूड डोक्यावर ठरत नाही आणि तिचा दर्पही कोणाला रुचत नाही. म्हणून पेट्रोलियमपासून निघणारा व्हॅसलीनसारखा मऊ पदार्थ, मेण व खोबरेल तेल यांत ते मिसळलेले असे. त्यामुळे औषध कातडीला चिकटून राही आणि कोरडेपणा जाई. किंचित मोरचूद व जंतुनाशक कार्बोलिक आम्ल यांची त्याला जोड होती. दर्प झाकण्यासाठी व्हायोलेट फुलांचा सुगंध घातलेला असे. यांतील एकही वस्तू नवी नव्हती. अशी मलमे इतरही लोक करीत होते. अनेक द्रव्ये योग्य प्रमाणात एकत्र आणली, म्हणजे प्रत्येकाची उणीव दुसरे भरून काढते, हेच संयुक्त औषधाचे मर्म आहे.

आणखी एक गोष्ट साराने ओळखली. डोके मळलेले असेल, तर त्यावर उत्तम मलमही व्यर्थ आहे. म्हणून तिने मलमाबरोबर एक पद्धतच शिकविली. आधी सौम्य द्रवाने केस वारंवार धुवावेत, मग कातडीला मलम चोळावे आणि शेवटी हलके तेल लावून तापविलेल्या फणीने केस विंचरावेत. अशी फणी तिच्या पूर्वीही वापरात होती. परंतु स्वच्छता, औषध आणि निगा या तिन्ही गोष्टी तिने एका सूत्रात गोवल्या, आणि हेच तिच्या यशाचे गमक ठरले.

१९०६ च्या जानेवारीत तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने मलमाचे डबे बाजारात आणले. कृष्णवर्णीय स्त्रियांना गोरे लोक पहिल्या नावाने एकेरी हाक मारीत, त्या काळात मॅडम ही आदराची पदवी प्रत्येक डब्यावर झळकू लागली. व्यवसाय किती वाढवावा, याविषयी पतिपत्नींत पुढे मतभेद झाले व ती दोघे विभक्त झाली. नाव मात्र कायम राहिले.

वॉकरबाई गावोगाव हिंडल्या. देवालयांत व सभागृहांत स्त्रियांना जमवून त्यांनी आपली पद्धत करून दाखविली. १९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने प्रशिक्षण विद्यालय काढले आणि १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे कारखाना उभारला. त्यांच्या विद्यालयात शिकलेल्या स्त्रिया पांढरा सदरा, काळा झगा आणि हातात काळी पेटी अशा वेषात घरोघर जात. धुणे धुऊन किंवा भांडी घासून जे मिळे, त्याच्या कितीतरी पट त्या आता स्वतःच्या हिमतीवर मिळवू लागल्या. पुढे अशा हजारो स्त्रिया तयार झाल्या. बाई स्वतः तरी कोठे थांबल्या होत्या? लक्ष्मी घरी आल्यावरही त्या एका शिक्षिकेजवळ बसून प्रौढ वयात लेखन-वाचन सुधारीत होत्या.

१९१२ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते थोर नेते बुकर टी. वॉशिंग्टन. बाईंनी बोलण्याची संधी मागितली, परंतु अध्यक्षांनी तिकडे लक्ष दिले नाही. शेवटच्या दिवशी त्या आपल्या जागेवरून उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे, तेथून स्वयंपाकघराकडे आणि तेथून स्वतःच्या जमिनीवर बांधलेल्या कारखान्याकडे आपण कशा आलो, ते त्यांनी निर्भयपणे सांगितले. पुढच्या वर्षीच्या परिषदेत त्याच अध्यक्षांनी त्यांना सन्मानाने भाषणास बोलाविले.

धनाबरोबर त्यांचे दातृत्वही वाढले. इंडियानापोलिसच्या तरुणांसाठी बांधावयाच्या इमारतीला त्यांनी १,००० डॉलर दिले. १९१७ साली ईस्ट सेंट लुइस येथील दंगलीत अनेक निरपराध कृष्णवर्णीयांची हत्या झाली. तेव्हा वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी निवेदन घेऊन गेलेल्या शिष्टमंडळात त्या होत्या. राष्ट्राध्यक्षांनी भेट दिली नाही. तरी बाई खचल्या नाहीत. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे त्यांनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांचे संमेलन भरविले. दोनशेहून अधिक स्त्रिया आल्या होत्या. सर्वांत जास्त माल खपविणाऱ्या स्त्रियांबरोबरच, समाजकार्यासाठी सर्वांत जास्त दान देणाऱ्या स्त्रियांनाही तेथे बक्षिसे मिळाली. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध चाललेल्या चळवळीसाठी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ५,००० डॉलर देऊ केले.

हडसन नदीच्या काठी, एका कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाकडून, त्यांनी १९१८ मध्ये एक भव्य प्रासाद बांधून घेतला. तेथेच २५ मे १९१९ रोजी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्यातील दोन तृतीयांश भाग धर्मादायासाठी ठेवला होता. स्वकष्टाने धनाढ्य झालेल्या अमेरिकेतील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

ज्या हातांनी अठरा वर्षे लोकांचे कपडे धुतले, त्याच हातांनी पुढे हजारो स्त्रियांना धुण्याच्या टबापासून दूर नेले. संपत्ती पुष्कळांना मिळते. परंतु आपण वर चढल्यावर मागे असलेल्यांसाठी शिडी तशीच ठेवणारे थोडे असतात. वॉकरबाईंचे मोठेपण त्या थोडक्यांतले होते.